राहू द्या ओटीपी!

बँका रात्रंदिवस मेसेज पाठवून बजावतात : ओटीपी कुणालाही सांगू नका, बँकेच्या माणसालाही नाही. आणि आपण पुण्यात नळ स्टॉपच्या चौकात, छत्री मानेत अडकवून, ॲपवरून बोलावलेल्या, कधी न पाहिलेल्या टॅक्सीवाल्याला ओरडून सांगतो, "चार-सात-दोन-शून्य!" शेजारी भाजी घेणाऱ्या काकूंनाही तो पाठ होतो. अर्थात दोन ओटीपींत फरक आहे. बँकेचा सांगितला तर पैसे जातात, हा सांगितला तर आपण जातो.

पण गोष्ट ओटीपीपर्यंत पोचली तर ना! आधी फोन येतो. "कुठं जायचंय?" अहो, ॲपवर दिसतंय की. "ते असू द्या, तुम्ही सांगा." मग, "पेमेंट कसं?" ऑनलाइन म्हटलं की पलीकडे शांतता पसरते, स्थळाचा पगार ऐकल्यावर मुलीकडच्यांत पसरते तशी. नकाशावरची गाडी मग जागची हलत नाही. तो कॅन्सल करत नाही, आपणही करत नाही. जो आधी कंटाळेल तो हरला.

गेल्या आठवड्यात मला सव्वासातची डेक्कन क्वीन गाठायची होती. गाडी आली, नंबर भलताच. "ती सर्व्हिसिंगला दिलीय साहेब, ही मेव्हण्याची." ॲप म्हणतं, नंबर जुळला नाही तर बसू नका. डेक्कन क्वीन म्हणते, बसा. बसलो. ओटीपी सांगायला लागलो तर म्हणाला, "राहू द्या साहेब. कॅन्सल करा ना, तेवढेच पैसे माझ्या क्यूआरवर टाका."

आता यात त्याचंच चुकतं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पुण्यात वातानुकूलित टॅक्सीला 2024 मध्ये ठरलेला सरकारमान्य दर पहिल्या दीड किलोमीटरला 37 रुपये आणि पुढे किलोमीटरला 25. ॲप बरेचदा त्याहून कमी दाखवतं. कंपन्याही हळूहळू अंग काढून घेताहेत. उबरने फेब्रुवारी 2025 पासून रिक्षांपुरतं सांगून टाकलं : भाड्याचं तुम्ही आणि रिक्षावाला बघा, पैसे थेट त्याच्याच हातात द्या. म्हणजे वधूवर सूचक मंडळ. गाठ घालून दिली, पुढचा संसार तुमचा. आणि गाडी लवकर हवी असेल तर बक्षिसी आधीच कबूल करा, अशीही सोय होती. त्यावर मे 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोटीस काढली. देवळातसुद्धा दक्षिणा पूजा झाल्यावर देतात हो.

पण हे "कॅन्सल करा ना" आहे ना, ते वीस-तीस रुपयांचं प्रकरण नव्हे. डिसेंबर 2014 मध्ये दिल्लीत ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीत तरुणीवर बलात्कार झाला, त्यानंतर ॲपमध्ये संकटाची बटणं आली, घरच्यांना प्रवास दाखवायची सोय आली. या सगळ्याचा जीव एकाच गोष्टीत : ॲपच्या लेखी तुमचा प्रवास चालू असला पाहिजे. कॅन्सल दाबलं की घरी आईच्या फोनवर सरकणारी गाडी गायब. पिशवी विसरली तर कंपनी विचारणार, कुठला प्रवास? एरवी बायको एकटी निघाली की गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो मागणारा मी, पण स्वतःवर वेळ आली तेव्हा मुकाट्याने कॅन्सल दाबलं. कारण निवडायला सांगितलं, तेव्हा 'बेत बदलला' निवडलं. म्हणजे गुन्ह्यात खोटी साक्षही माझीच.

स्टेशनवर क्यूआर स्कॅन केला, तर नाव आलं तिसऱ्याच कुणा बाईंचं. ॲपवर एक, गाडी मेव्हण्याची, पैसे बाईंना. वहिनींचं खातं असेल, असं मनाला समजावलं आणि पिन दाबला.

मी बॅग उचलून धावत सुटलो, तेवढ्यात मागून हाक आली, "साहेब, फाइव्ह स्टार द्या हं!"

कुठून देणार? ॲपच्या हिशेबी मी अजून नळ स्टॉपलाच उभा होतो.