दोन म्हशींची गिटार

“एवढ्यात दोन म्हशी आल्या असत्या की!”

गिटार घरी आल्यापासून हे वाक्य मी मुरगूडच्या निम्म्या गल्ल्यांतून ऐकलं आहे. हिशेब चुकीचा नाही. दोन चांगल्या दुभत्या म्हशी आल्या असत्या, डेअरीचं दहा दिवसांचं बिल सुरू झालं असतं. मी गिटार आणली. कित्येक वर्षं थोडे थोडे बाजूला टाकलेल्या पैशांतून आणली, आणि केस उघडताना माझे हात थरथरत होते.

म्हशींशी माझं काही भांडण नाही. भांडण त्या प्रश्नाशी आहे. आपल्या भागात शर्यतीचा बैल पोसतात. त्याला नांगराला जुंपत नाहीत. दूध, अंडी, उडीद त्याच्या पुढ्यात जातात आणि मालक रात्री उठून त्याच्या अंगावरून हात फिरवून येतो. तालमीत जाणाऱ्या पोराच्या बदाम-तुपासाठी घरची माणसं स्वतःच्या ताटात काटकसर करतात. त्यांना कुणी विचारत नाही, यातून महिन्याला किती सुटतात? विचारूही नये. ‘हौसेला मोल नसतं’ असं म्हणणारी आपली माणसं. मग तीच माणसं वाद्याच्या उंबऱ्याशी आली की बोटं का मोडायला लागतात? ज्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी गवई अल्लादियाखाँसाहेबांना दरबारात मानानं ठेवलं, तिथं सूर हा फालतू खर्च कधीपासून झाला?

दुसरा सल्ला त्याहून घातक. “आधी साधी घ्यायची, हात बसला की मग भारी.” हा सल्ला ऐकून मी एकोणिसाव्या वर्षी एक स्वस्त गिटार घेतली. दांडी किंचित वाकलेली होती, हे मला तेव्हा कळायचं काही कारण नव्हतं. बाराव्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या बाराव्या पडद्यावर, तारा एवढ्या उंच, की खालून पेन्सिल सरकली असती. तार उंच असली की दाबताना ती ताणली जाते आणि सूर चढतो. खालच्या फ्रेटवर गाणं सुरात, वर गेलं की बेसूर. मी ज्याला विचारलं त्यानं सांगितलं, “कान तयार नाही, रियाज कर.” मी रियाज केला. बोटांना घट्टे पडले, सूर चढेच राहिले. आपला कानच कच्चा आहे असं मी बावीस वर्षं धरून चाललो. शिकणाऱ्याच्या हातात वाईट वाद्य देणं म्हणजे त्याला स्वतःवर शंका घ्यायला शिकवणं. मुरलेला वादक वाईट वाद्यावरही निभावून नेतो. नवशिक्याला ते जमत नाही, म्हणून चांगल्या वाद्याची खरी गरज त्यालाच आहे. हे मी कुणाशीही वाद घालून सांगेन.

नवी गिटार कोल्हापुरातून एसटीनं आणली. डिकीत टाकायला मन धजावलं नाही, मांडीवर घेऊन बसलो. बाहेर आषाढाचा पाऊस, कागल, निढोरी मागं पडली तरी मी केसचा पट्टा सोडला नव्हता. घरी आल्यावर अर्धा दिवस ती उघडली नाही, कारण बाहेरची दमट हवा एकदम लागू नये म्हणतात. गावचा सर पिराजीराव तलाव भरत आला की आमच्या घराची दारंसुद्धा फुगून चौकटीत अडकतात, तिथं या लाकडाची काळजी नको का?

संध्याकाळी उघडली. आईनं चष्मा लावून दांडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “हे शिसवी हाय की रं. आपल्या घडवंचीगत.”

बरोबर ओळखलं. बोटं जिथं फिरतात ती पट्टी भारतीय शिसवीची आहे, काळसर तपकिरी, मधून जांभळट रेघा. पूर्वी या कामाला ब्राझीलच्या शिसवीला मान होता. तोड इतकी झाली, की १९९२ मध्ये तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. त्याआधीपासूनच गिटारवाले आपल्या शिसवीकडे वळले होते. २०१७ साली शिसवीच्या सगळ्याच जातींवर परवान्याची अट बसली, तेव्हा काही कारखान्यांनी लाकूडच बदललं. तयार वाद्यांना २०१९ मध्ये त्यातून सूट मिळाली. पश्चिम घाटाच्या अंगाखांद्यावर वाढणारं हे झाड. ते समुद्रापार जाऊन, तारा लेऊन माझ्या घरात परत आलं आहे, असं मी धरून चालतो. आजीच्या घडवंचीशेजारीच तिला जागा दिली.

बाराव्या फ्रेटवर तार पट्टीपासून जेमतेम दोन मिलिमीटर. बोट टेकवलं आणि सूर जिथं हवा तिथंच उमटला. पुन्हा दाबलं, पुन्हा तिथंच. मी खुर्चीत तसाच बसून राहिलो. माझा कान कच्चा नव्हता.

ॲम्प लावला आणि खोली गुणगुणायला लागली. या इलेक्ट्रिक गिटारीच्या पोटात पोकळी नसते, लाकूड भरीव. तारांखाली चुंबकं, त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे; हाच पिकअप. पोलादी तार हलली, की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि त्या वेढ्यांत वीज जागी होते. माझ्या गिटारीचं हे मॉडेल १९५४ मध्ये बाजारात आणणारे लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारे, आणि त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! ते वेढे तारांचा आवाज पकडतात तशी घरातल्या विजेची घरघरही पकडतात. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, म्हणून ती घरघर पांढरी पाचच्या आसपास बसते. कुणी हार्मोनियमची पट्टी दाबून ठेवावी तसं वाटतं.

थोडी घरघर या वाद्याच्या रक्तातच असते. पण आमच्याकडची जास्त होती. तारांना हात लावला की कमी व्हायची, सोडला की वाढायची. गावातल्या वायरमनला बोलावलं. त्यानं गिटारीकडे बघितलं नाही, थेट परसात गेला आणि म्हणाला, “अर्थिंगच मेलंय तुमचं.” खड्डा उकरला, नवी पट्टी घातली, कोळसा आणि मिठाचे थर दिले, वरून चार घागरी पाणी ओतलं. घरघर निम्म्यावर आली. आणि आईला फ्रिजच्या दाराला हात लावला की मुंग्या यायच्या, त्याही थांबल्या. ती बिचारी इतकी वर्षं वाताच्या गोळ्या घेत होती.

पण ज्यासाठी हे लिहायला बसलो ते पुढंच आहे.

आमच्या गल्लीत एक पोरगा बेंजो वाजवतो. गणपतीत, वरातीत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसून. इलेक्ट्रिक तंतुवाद्य आपल्याला परकं आहे असं म्हणणाऱ्यांनी एकदा विसर्जनाच्या मिरवणुकीत उभं राहावं. जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी १९१२ साली ‘ताइशोगोतो’ बनवलं, तेच फिरत फिरत आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग आणि बेंजो झालं. टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा, आणि त्याला पिकअप लावून भोंग्यात सोडलेला आवाज. या पोराची बोटं बटणांवर अशी पळतात, की माणसं नाचायची थांबून बघत राहतात.

तो परवा आला. दारातच उभा. “काका, बघू का नुसती?”

मी गिटार त्याच्या हातात दिली. पट्टा त्याच्या गळ्यात घातला. उजव्या हाताला नखी धरायची सवय होतीच, डावा हात मात्र बटणं शोधत होता. दोन-चार सूर काढले, स्वच्छ. मग मी त्याला तिसऱ्या तारेवर बोट ठेवायला सांगितलं आणि म्हटलं, आता सोडू नको, तार तशीच वर ढकल.

बेंजोवर हे होत नाही. बटण दाबलं की सूर मिळतो, सोडलं की जातो. दोन सुरांच्या मधल्या जागेत तिथं शिरताच येत नाही. भजनात बुवा ज्या जागा घेतात, त्या या पोरानं ऐकल्या होत्या, पण हाताला कधी लागल्या नव्हत्या.

त्यानं ढकललं. सूर वर गेला, जास्तच गेला. दुसऱ्यांदा कमी पडला. तिसऱ्यांदा तो ‘सा’पासून सरकत सरकत ‘रे’वर जाऊन नेमका थांबला आणि ॲम्पमधून बाहेर पडून खोलीत रेंगाळला. पोराचं तोंड उघडंच राहिलं. बोट त्यानं सोडलं नाही. तार थरथरत होती तोवर तो तिच्याकडे बघत राहिला, आणि आवाज पार विझल्यावर म्हणाला,

“काका, अजून एकदा करू?”