पाच नद्यांचं भांडण

धाकट्याच्या बारशाला थोरल्याचंच नाव उचलावं आणि त्या दिवसापासून थोरल्याला ‘जुना’ म्हणू लागावं, असं एखाद्या घरात झालं तर भाऊबंदकी चार पिढ्यांना पुरेल. सह्याद्रीच्या माथ्यावर, साडेचार हजार फुटांवर, नेमकं हेच झालं आणि कुणी ब्रही काढला नाही. १८२४ साली लॉडविक नावाचा गोरा अधिकारी रान तुडवत वर आला. पुढे गव्हर्नर माल्कमने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही थंड हवा मागून घेतली, बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव दिलं आणि नव्या वसाहतीला त्याचंच नाव मिळालं, माल्कम पेठ. लोकांच्या जिभेवर ते काही रुळलं नाही. पेठेने मग पाच-सहा किलोमीटरवरच्या देवळाच्या गावाचंच नाव पांघरलं, आणि ते गाव ‘जुनं महाबळेश्वर’ होऊन आपल्या धुक्यात बसून राहिलं.

त्याला नावाची फिकीर नसावी, कारण त्याच्याकडे त्याहून मोठं भांडण होतं. ब्रह्मदेवाने इथे यज्ञ मांडला. सावित्री वेळेवर आली नाही. मुहूर्त टळेल म्हणून तिच्या जागी गायत्रीला बसवलं. उशिरा पोचलेली सावित्री ते दृश्य पाहून अशी कडाडली, की विष्णूची कृष्णा झाली, शंकराची वेण्णा आणि ब्रह्मदेवाची कोयना. तिघे देव पाणी होऊन देशाकडे पळाले. सावित्री आणि गायत्री कोकणात उतरल्या. माझी आजी कराडची. शेजारच्या वाड्यात कालच घडल्यासारखी ती ही गोष्ट सांगायची आणि दरवेळी सावित्रीची बाजू घ्यायची. “घटकाभर थांबले असते तर काय बिघडलं असतं?” असं म्हणून ती बराच वेळ गप्प बसे. आजोबांना जेवायला उशीर खपत नसे, हे मला तेव्हा ठाऊक होतं, पण दोन गोष्टींचा सांधा जुळवण्याचं माझं वय नव्हतं. देवांचं मात्र पुढे बरं जमलं. वेण्णा माहुलीला कृष्णेला मिळते आणि कोयना कराडला थेट समोरून येऊन भिडते. नवल आहे ते दोघी सवतींचं. इतक्या रागाने निघाल्या आणि दिशा निवडली ती एकच!

सावित्रीचं ते खोल दरीत उतरणं ऑर्थर सीटवरून दिसतं. तिथे हौशी मंडळी बाटल्यांची टोपणं खाली भिरकावतात आणि दरीतला वारा ती उचलून वर आणतो, टाळ्या पडतात. ज्याच्या नावाची ही जागा, त्या ऑर्थर मॅलेटची बायको आणि तान्ही मुलगी खाली, जिथे सावित्री समुद्राला मिळते त्या बाणकोटपाशी, होडी उलटून बुडाली. तो इथे येऊन त्या नदीकडे पाहत बसायचा, असं सांगतात. टोपण वर आल्यावर टाळ्या वाजवायला माझे हात कधी उठले नाहीत.

गावातल्या पंचगंगा मंदिरात ही सगळी भांडखोर मंडळी आजही शेजारी शेजारी आहेत. पाच धारा बारमाही. भागीरथी म्हणे बारा वर्षांनी येते आणि सरस्वती साठ वर्षांनी. साठ वर्षांतून एकदा येणाऱ्या पाहुणीची जागा गावाने अडवून ठेवली आहे. एखाद्या कचेरीने ती केव्हाच दुसऱ्या कुणाच्या नावावर केली असती. पलीकडे महाबळेश्वराच्या देवळात रोज रात्री देवासाठी पलंगावर अंथरूण घालतात आणि सकाळी चादर चुरगळलेली सापडते, अशी श्रद्धा आहे. नदी होऊन पळालेला नवरा रात्री गुपचूप घरी परततो, एवढाच अर्थ मी त्यातून काढला आहे. शास्त्रीबुवांना पटणार नाही, आजीला पटला असता.

सगळ्या धारा शेवटी एका गोमुखातून कुंडात पडतात. मागे एक पुणेकर काका तिथे बाटली धरून उभे होते. “यातली कृष्णा कोणती हो? आम्हाला फक्त कृष्णा हवी,” त्यांनी विचारलं. गुरुजी म्हणाले, “भरा तुम्ही. घरी पोचेपर्यंत ठरवतील त्या आपापसात.” काकांनी बूच घट्ट लावलं, दोनदा उलटी करून गळत नाही ना पाहिलं आणि पाची जणींना गाडीच्या डिकीत, स्ट्रॉबेरीच्या खोक्यांशेजारी, आडवं ठेवलं.