तीन तेरा

इंग्रजीत कोणाला विरोध करायचा तर मी 'बट' वापरत नाही. 'बट' म्हणजे लग्नाला बनियनवर जाणं. आमची पिढी तर्खडकरांच्या भाषांतरमालेवर पोसलेली. बँकेत असताना मी एका पत्राची सुरुवातच 'नॉटविथस्टँडिंग'ने केली होती आणि साहेबांनी पुढचं न वाचता सही ठोकली होती. एवढा दरारा असलेला माणूस निवृत्तीनंतर चंदीगडला लेकीकडे येऊन भाजी निवडत बसतो, हे दुःख निराळं.

लेक सेक्टर 39 मधल्या इमटेक या संशोधन संस्थेत सूक्ष्मजीवांवर काम करते आणि राहतेही त्याच सेक्टरात. या 39 बद्दल मला बोलू द्याच. शहराच्या मूळ आराखड्यात 13 नंबरचा सेक्टरच नाही. का, तर आकडा अशुभ. ठीक. पण समोरासमोरच्या सेक्टरांची बेरीज करून पाहा: 9 आणि 17, सव्वीस. 10 आणि 16, सव्वीस. पुढच्या ओळीत 17 आणि 22, एकोणचाळीस. 16 आणि 23, पुन्हा एकोणचाळीस. म्हणजे दारातून हाकललेला तेरा खिडकीतून दुप्पट-तिप्पट होऊन आत! आणि आमचा पत्ता तर सरळ तीन तेरा. नऊ अठरा तेवढे वाजायचे राहिलेत. मी हे जावयाला समजावलं. तो म्हणाला, "बाबा, चहा घेणार?"

असो. शेजारच्या घरी मामाकडे राहून एक पोरगी आयलेट्सचा, म्हणजे परदेशी जायला लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेचा, क्लास करते. पंजाबात ही परीक्षा म्हणजे दहावी, बारावी आणि पत्रिका एकदमच. चाळीस मिनिटांत निदान अडीचशे शब्दांचा निबंध, आणि त्याच्या गुणांतला, म्हणजे त्यांच्या भाषेत 'बँड'मधला, चौथा हिस्सा मांडणीच्या सुसंगतीला. म्हणून क्लासात जोडशब्दांच्या याद्या घोकून घेतात. पोरगी निबंध मला दाखवायला आणायची. ती 'ऑल्दो' लिहून पुढे 'बट' लिहायची. आपल्याकडे 'जरी'मागून 'तरी' येतंच, हिंदीत 'हालांकि'मागून 'लेकिन'. इंग्रजीला एका वाक्यात दोघांचा संसार मान्य नाही. 'डिस्पाइट'ला तर ती 'ऑफ' चिकटवायची. मी ते सोडवलं आणि संधी साधून चार ठिकाणी 'नेव्हरदलेस' पेरलं. दुसऱ्या दिवशी चारही खोडून आले. "सर कहते हैं, अंकलजी, ये किसी बुज़ुर्ग ने लिखा है।"

मग विषय आला: तरुणांनी परदेशी जावं का. तिनं लिहिलं होतं, पापांना वाटतं मी कॅनडाला जावं. पूर्णविराम. फॉर्म भरल्यापासून ते माझ्याशी फारसं बोलत नाहीत. पूर्णविराम.

मी पेन उघडून बसलो. 'ऑल्दो' ज्याला लावावं ते वाक्य दुय्यम होतं. मग दुय्यम काय करू, बापाची इच्छा की बापाचा अबोला? 'व्हेअरअ‍ॅज'ला दोन निराळ्या गोष्टी लागतात. इथे माणूसही एक आणि, मला वाटतं, गोष्टही एकच. माझी लेक पहिल्यांदा घराबाहेर पडली तेव्हा मीही आठवडाभर फक्त गॅसच्या नंबराबद्दल बोलत होतो.

"कुछ मत डालो," मी म्हणालो.

"बैंड कटेगा, अंकलजी।"

तेव्हा 'हाउएव्हर' घातलं. त्यापुढे स्वल्पविराम द्यायलाही सांगितलं. मुलं तो हमखास विसरतात.