मौजे मजकूर

तीस वर्षे सरकारी दफ्तरखान्यात रुमाल सोडण्यात आणि बांधण्यात घालविलेल्या मला, कोणता कागद कोठे ठेवावा याचे धडे उतारवयात एका यंत्राकडून घ्यावे लागतील, असे कधी स्वप्नातही वाटले नव्हते; म्हणूनच भाच्याने पायथन ही भाषा शिकविण्याचा घाट घातला, आणि तिचे बारसे सर्पावरून नव्हे तर 'मॉन्टी पायथन' या इंग्रजी विनोदी मंडळींवरून झाले आहे असे सांगितले, तेव्हा मी निर्धास्त झालो. तो विनोद माझ्यावरच व्हावयाचा होता.

घरातील पावत्या, दाखले आणि बिले यांच्या स्कॅन केलेल्या प्रती सनावार लावून देणारी एक चिमुकली स्क्रिप्ट लिहावी, एवढाच माझा मनसुबा. पहिल्याच ओळीत मी विंडोजच्या शिरस्त्याप्रमाणे पत्ता दिला: 'सी', विसर्गासारखी दोन टिंबे, उलटी तिरपी रेघ आणि 'यूझर्स'. पायथनने तो वाचण्यासच नकार दिला. चौकशीअंती असे निष्पन्न झाले की, अवतरणचिन्हांतील उलटी रेघ ही या भाषेत पुढच्या अक्षराला निराळा अर्थ देणारी खूण असून, तिच्यामागून कॅपिटल 'यू' आला की यंत्र आठ षोडशमान अंकांची वाट पाहत बसते, 'एन' आला की मुकाट्याने नवी ओळ धरते आणि 'टी' आला की जागा सोडून पुढे सरकते.

या उलट्या रेघेचे मूळ शोधू जाता ते एका अस्सल दफ्तरी अडचणीत सापडते. एमएस-डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हतेच, आणि सरळ तिरपी रेघ आज्ञेसोबतच्या सूचनांच्या कामी लागली होती. १९८३ साली दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर अवतरले तेव्हा, युनिक्समध्ये ज्या रेघेची वहिवाट होती ती येथे आधीच दुसऱ्याच्या कब्जात असल्यामुळे, तिच्या उलट्या बहिणीला कामावर रुजू करून घेण्यात आले. ज्याने नोकरी केली आहे, त्याला यात नवल वाटणार नाही.

भाच्याने मग 'पाथलिब' दाखविले. २०१४ साली पायथनच्या ३.४ आवृत्तीबरोबर आलेल्या या सोयीत दोन पत्ते भागाकाराच्या चिन्हाने जोडतात. वाटणी करून घर जोडण्याचा हा प्रकार मी दोन दिवसांत पचविला. परंतु उजवीकडच्या नावाआधी सवयीने आणखी एक रेघ ओढली, तोच 'सी' तेवढी शिल्लक राहून डावीकडचा सारा पत्ता रद्दबातल झाला. रेघेने सुरू होणारा पत्ता मुळापासूनचा मानतात म्हणे. पाहुण्याने उंबरठा ओलांडताच यजमानाला बाहेर काढावे, तसे हे झाले.

खरी फजिती मात्र एका टिंबाने केली. पत्त्यातील एकटे टिंब म्हणजे 'सध्याचे फोल्डर', हे ऐकताच मला जुने मोडी कागद आठवले. गावाचे नाव एकदा लिहिले की पुढे नुसते 'मौजे मजकूर' लिहून भागते. प्रती ठेवण्याची जागा मी मोठ्या ऐटीत टिंबाने दाखविली, रोज रात्री दोन वाजता स्क्रिप्ट आपोआप चालावी अशी टास्क शेड्युलरमध्ये तजवीज केली, तिला सर्वाधिकारही बहाल केले आणि झोपलो.

सकाळी प्रती बेपत्ता!

"मामा, तुमचा पाथ रिलेटिव्ह आहे," भाचा म्हणाला.

"नातेवाइकांना मध्ये आणू नकोस," मी म्हणालो.

मजकूर गाव म्हणजे स्क्रिप्ट जेथे नांदते ते, असा माझा समज. यंत्राच्या लेखी मात्र, हुकूम सुटताना ते स्वतः ज्या गावी उभे असेल ते. शेड्युलरला आरंभाची जागा न सांगितल्यास तो 'सिस्टिम३२'मध्ये उभा राहतो, आणि त्यामुळे माझी विजेची बिले साक्षात विंडोजच्या जामदारखान्यात दाखल झाली होती. आता स्क्रिप्ट आधी स्वतःच्या फाइलीचा ठावठिकाणा विचारते आणि तेथून पुढचा रस्ता काढते.

बाकीच्या प्रती भाच्याने वेचून परत आणल्या. १९९४ सालची घरपट्टीची पावती अद्याप तेथेच आहे. त्या फोल्डरात मी पाऊल टाकायचे नाही, अशी त्याची सक्त ताकीद आहे.