खरी कमाईवाला

डिसेंबर सरत आला की सोलापुरात होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे उभे राहू लागतात आणि घराच्या दारात एक मुलगा उभा राहतो. राखाडी शर्ट, निळी पँट, गळ्यात स्कार्फ. स्कार्फ अडकवायचा वॉगल पहिल्याच आठवड्यात हरवलेला, म्हणून तिथं आईच्या वेणीचं रबर. हातात रकाने आखलेलं कार्ड, कार्डाला दोऱ्यानं बांधलेलं पेन. सोबतीला एक मित्र असतो, पण तो जिन्यातच थांबतो. बेल वाजवायची त्यानं, बोलायचं यानं, असं दोघांचं आधीच ठरलेलं.

“काकू, काही काम आहे का?”

हा खरी कमाईवाला. इयत्ता सहावी, स्काऊट पथक. त्याचा नियम साधा आणि कडक आहे. देणगी मागायची नाही. काम करायचं, त्याचे पैसे घ्यायचे, कार्डावर सही घ्यायची आणि रक्कम शाळेत सरांकडं जमा करायची. भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० ची, पण कामाच्या बदल्यात पैसे ही कल्पना तिकडं विलायतेतही होती. १९४९ पासून तिथले स्काऊट ‘बॉब-अ-जॉब’ म्हणत दारोदार फिरायचे. बॉब म्हणजे एक शिलिंग. शिलिंगभर पैशात लोक त्यांच्याकडून मोटारी पुसून घ्यायचे, बागा खणून घ्यायचे. नव्वदच्या दशकात मुलांना अनोळखी दारी पाठवायची धास्ती वाढली आणि ते बंद पडलं.

सोलापुरात अडचण वेगळीच. इथं पैसे मिळतात, काम मिळत नाही.

“काम कसलं बाळा, हे घे दहा रुपये.” काकूंच्या आवाजात माया असते, त्याहून जास्त भीती असते. हा भांडी घासायला बसला तर बशा किती उरतील, याचा हिशेब त्यांनी मनातल्या मनात केलेला असतो. एखादे रिटायर्ड काका तत्त्वाचे निघतात. ते याला झाडू देतात, मग पाच मिनिटं झाडू कसा धरावा हे शिकवतात, शेवटी झाडू काढून घेऊन अंगण स्वतःच झाडतात आणि वर सहीसुद्धा करतात. कार्डावर ‘बागकाम’ असं लिहिलेली तीन घरं आहेत. तिन्ही घरांत मिळून एक तुळस आहे.

शिवाय दार कुठलं, यावर बरंच अवलंबून. बाळीवेशीत आतून “यारू?” असा आवाज येतो, साखर पेठेत “एवरू?” असा. दोन्हींचा अर्थ ‘कोण’ एवढाच, पण ‘स्काऊट’ला कन्नडात आणि तेलुगूत काय म्हणायचं हे सरांनी सांगितलेलं नसतं. पूर्व भागात खाली यंत्रमाग चालू असेल तर प्रश्नच मिटला. त्या खडखडाटात बेल ऐकू येत नाही, हाक पोचत नाही. टॉवेलाच्या ढिगामागून कुणीतरी हातानंच ‘पुढं जा’ म्हणतं. जुळे सोलापुरातल्या अपार्टमेंटला वॉचमन आडवा येतो. “का बे, कुठल्या मंडळाची वर्गणी?” गणपती होऊन चार महिने झालेत, हे वॉचमनला पटवता पटवता संध्याकाळ होते.

आणि आता नवी पंचाईत सुट्ट्या पैशांची. “स्कॅनर आहे का तुझ्याकडं?” हा वडिलांचा मोबाईल नंबर सांगतो. दहा रुपये वडिलांच्या खात्यात जातात आणि तिथंच राहतात. पथकाची निम्मी कमाई अशी कुणाच्या ना कुणाच्या बापाकडं येणं असते.

याची बहीण गाईडमध्ये. तिनं दारोदार फिरण्यापेक्षा माल विकायचा ठरवलं. अमेरिकेतल्या मुली हेच करतात. १९१७ साली ओक्लाहोमातल्या मस्कोगी गावच्या गर्ल स्काऊट मुलींनी बिस्किटं भाजून शाळेत विकली; आता तिथं एका हंगामात सुमारे वीस कोटी पुडे खपतात. त्यातले बरेचसे आईबापच आपापल्या ऑफिसात खपवतात म्हणे, म्हणजे आईबाप तिथंही आईबापच. तर हिनं शेंगाची चटणी काढली. सोलापूरच्या माणसाला शेंगाची चटणी विकणं हे धाडसाचं काम आहे. प्रत्येक दारात चिमूटभर जिभेवर जाते आणि परीक्षा सुरू होते. “खलबत्त्यात कुटलीय का मिक्सरात फिरवलीय? तेल सुटलेलं दिसत नाही. लसूण कमी पडला.” चौथ्या घरात तिला कडक भाकरीबरोबर त्या घरची चटणी खाऊ घालून ‘आईला सांग अशी करायची’ म्हणून पुडी बांधून दिली. विकायला गेलेली मुलगी एक पुडी जास्त घेऊन परतली.

तरी शेवटी फायदा झालाच. शेंगा घरच्या, तिखट घरचं, गॅस घरचा, कुटणारी आई. खर्चाच्या रकान्यात शून्य आणि उरलेल्या पुड्या आजीनं आणि दोन मावश्यांनी घेतलेल्या. शाळांमधून खरी कमाईचे भेळ-पाणीपुरीचे स्टॉल लागतात, त्यांचंही हेच अर्थशास्त्र. पुऱ्या आई तळते, पाणी आई करते, खायलाही आईच येते. त्याला खरी कमाई म्हणतात ते चुकीचं नाही. फक्त कुणाची, ते लिहायचं राहून जातं.

पण खरी कमाईवाला हुशार होता. गावाची नाडी त्याला जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सापडली. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. चार-चार, पाच-पाच दिवसांनी येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरात कुणी मोकळं नसतं. त्यानं कुठल्या गल्लीत कधी पाणी सुटतं ते कार्डाच्या मागं लिहून काढलं आणि नेमक्या त्या वेळी बेल वाजवली. यावेळी दारातल्या काकूंनी त्याला वाक्यसुद्धा पुरं करू दिलं नाही. “आलास? बरं झालं. ती पाइप धर. अगोदर टाकी, मग पिंप, मग कळशा. नासू नकोस!” मित्रालाही जिन्यातून वर ओढलं.

दोघं दीड तास राबले. घागर, बादली, पातेली, शेवटी कुकरसुद्धा भरला. स्कार्फ पिळून कठड्यावर वाळत घातला. पाणी गेलं, काकू टेकल्या. यानं ओलं कार्ड पुढं केलं.

“अरे, पैसे कसले?” काकू दुखावल्याच. “घरच्यासारखा राबलास की. घरच्या पोराला कुणी पैसे देतं का? बस, शेंगापोळी खाऊन जा.”

सोमवारी सरांनी कार्ड तपासलं. शाई फुटलेली होती तरी वाचता येत होतं. केलेले काम : पाणी भरणे. सही : आहे. मिळालेली रक्कम : शेंगापोळ्या ४, पैकी शिल्लक १. ती वहीच्या पानात गुंडाळून सोबत जोडली होती.