वाट पुस्तकात, गेट बंद

महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्याने 6. जालना जिल्ह्याच्या वाट्याला त्यातले एकही नाही. पोलाद आहे, मोसंबी आहे, बियाण्यांच्या कंपन्या आहेत, वाघ नाही.

तरी जालन्यातल्या हौशी भटक्याच्या कपाटात आनंद पाळंद्यांचे ‘डोंगरयात्रा’ असतेच. पाने दुमडलेली, समासात पेन्सिलीच्या खुणा, मध्ये खुणेला एसटीचे जुने तिकीट. एकूणच भटकंतीच्या पुस्तकांना जग पुण्या-मुंबईहून सुरू होते असे वाटते. एका दिवसाची म्हणून सांगितलेली वाट जालनेकराला तीन दिवसांची पडते. त्यातले दोन दिवस गाडीतच जातात, पण ‘चढाईची श्रेणी’ ठरवताना ते कोणी धरत नाही.

त्यातून बेत आखला प्रचितगडाचा. शृंगारपुरातून खडी चढण, वर लोखंडी शिडी, सगळे पाठ! फक्त 2004 मध्ये तिथे चांदोली राष्ट्रीय उद्यान झाले, 2010 मध्ये व्याघ्र प्रकल्प आला, आणि वाटेआधी वनखात्याची परवानगी आली. जुनी आवृत्ती बिचारी अजून पाण्याचे टाके कुठे तेच सांगते आहे.

मग ताडोबा? तिथे गाभ्यात पायी फिरायचेच नाही. जिप्सीत बसायचे, मंगळवारी तेही नाही.

शेवटी स्वारी निघते शेजारच्या गौताळा अभयारण्यात, नाहीतर अंबड तालुक्यातल्या रोहिलागडावर. तिथली वाट गुराखी सांगतो. हाताने, तोंडात तंबाखू असल्यामुळे.