खड्ड्याची बढती

वाहतूक नियोजनाच्या पुस्तकात रस्त्याची ओळख त्याच्या कामावरून ठरते. लांबची वाहनं वेगानं नेणारा तो थोरला, दारापर्यंत पोचवणारा तो धाकटा आणि या दोघांची गाठ घालून देणारा तो मधला. पुस्तक चांगलं आहे. लिहिणारा माघी चतुर्थीला लेण्याद्रीच्या पायथ्याशी आला नसावा, एवढंच.

तेव्हा उसाचा गळीत हंगाम ऐन भरात असतो. पावणेचार मीटरच्या एकेरी डांबरावर समोरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागून गिरिजात्मजाच्या दर्शनाला निघालेली मुंबईकरांची मिनीबस आणि मध्ये नारायणगावची भाजीची पिकअप. ट्रॅक्टर साइडपट्टीवर उतरत नाही, कारण ट्रॉली उलटेल. मिनीबस उतरत नाही, कारण साइडपट्टी कुठे आहे हेच ड्रायव्हरला दिसत नाही. पिकअपवाला तेवढा उतरतो, तो इथलाच. आता हा रस्ता थोरला, मधला की धाकटा? कामं तिघांची, पगार शिपायाचा.

आपली वर्गवारी 1943च्या नागपूर आराखड्यातली. मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी पाच पायऱ्या ठरवल्या: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक म्हणजे आजचे राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. त्यांनी तरी काम पाहूनच पायरी दिली होती. पुढे काम मागे पडलं आणि प्रजिमा, इजिमा, ग्रामा ही टोपणनावं उरली. प्रजिमा सार्वजनिक बांधकाम खात्याचा, इजिमा आणि ग्रामा जिल्हा परिषदेचे. म्हणून खड्डा दिसला की खोली नंतर, आधी हद्द मोजतात.

यावर नामी उपाय म्हणजे दर्जोन्नती. ग्रामाचा इजिमा होतो, इजिमाचा प्रजिमा. चौकात फ्लेक्स लागतो, पाठपुराव्याला यश आल्याचं कळतं, पेढे वाटले जातात. रुंदी तेवढीच राहते, खड्डाही जागचा हलत नाही. फक्त काल जिल्हा परिषदेचा होता, तो आज राज्य सरकारचा झालेला असतो. तालुक्यात इतक्या झटपट बढती दुसऱ्या कुणालाच मिळत नाही.

सातवाहनांकडे असला तक्ता नव्हता. त्यांनी जुन्नरहून कोकणात उतरणारा नाणेघाट राबता ठेवला, कारण सोपारा-कल्याणचा माल वर यायचा होता. माथ्यावर दगडी रांजण आहे, तो जकातीचा मानतात. वाटेचं काम ठरलेलं, वसुलीही तिथेच. आज हा घाट कोणत्या वर्गात? ट्रेकिंगच्या.

सगळ्यात हाल पाणंदीचे. गावनकाशावर ती तुटक रेघ, शेजाऱ्याच्या लेखी त्याचं वावर. महामार्गावर दिसणारा ऊस निघतो मात्र तिथूनच. पाच पायऱ्यांच्या तक्त्यात तिला पायरीच नाही.

तेव्हा वाचकहो, तक्रारीआधी किलोमीटरच्या दगडावरचा क्रमांक वाचा. ग्रामा किंवा इजिमा असेल तर जिल्हा परिषद, प्रजिमा किंवा राज्यमार्ग असेल तर बांधकाम खातं. पाणंद कुणी अडवली असेल तर 1906च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम 5खाली तहसीलदारांकडे जा. अर्जाची पोच घ्या आणि खड्डा बुजण्याआधी दर्जा बदललाच, तर नवा अर्ज लिहायला बसा.